रंग मारण्याआधी

जुन्या ट्रॅक्टरची घरात पुन्हा आठवण निघाली की पहिला निरोप जातो तो रंगाऱ्याला. मुंबईत नोकरी करणारा नातू सुट्टीत येतो, वाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या आडोशाखाली पाचोळ्यात रुतलेला ट्रॅक्टर बघतो, आजोबांची निशाणी म्हणून हळहळतो, आणि आठवडाभरात ग्राइंडरला वायर ब्रश लागतो. मडगार्डावरचा गंज निघतो. त्याच्याबरोबर कारखान्यातला रंग निघतो, कर्ज देणाऱ्या बँकेचं हाताने रंगवलेलं नाव निघतं, नंबरच्या पट्टीवरचे आधीच झिजलेले आकडे निघतात. मग लांबी, रेड ऑक्साइड आणि वर चकचकीत तांबडा. फोटोला ट्रॅक्टर झकास दिसतो. पण तो कुठल्या साली कुठे बनला आणि पुढे त्याने काय काय ओढलं, हे सांगणारं त्याच्या अंगावर काही उरत नाही.

ही पुस्तिका त्या रंगाऱ्याला थोडे दिवस थांबवण्यासाठी आहे. कुठला ट्रॅक्टर कसा ओळखायचा, त्याचे कोणते भाग कसे राखायचे, हे पुढच्या प्रकरणांत तपशिलाने येईल. त्याआधी एक गोष्ट इथे पक्की करून घेऊ. जुन्या यंत्रांचे शौकीन ‘मूळ स्थिती’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे शोरूममधून निघालेला पहिल्या दिवसाचा ट्रॅक्टर असतो. मला हे पटत नाही. ज्याने तीस-चाळीस वर्षं चिखलात आणि खाऱ्या वाऱ्यात काम केलं, त्याचं मूळपण त्या कामासकट धरलं पाहिजे. म्हणायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात कुठली खूण ठेवायची आणि कुठली काढायची यावर भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत.

डहाणू आणि तलासरी हे काही ट्रॅक्टरचे तालुके नव्हेत. किनाऱ्याला बोर्डी, घोलवड, डहाणूच्या चिकूच्या वाड्या, त्यांतल्या कित्येक इराणी कुटुंबांनी उभ्या केलेल्या. इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ साली, पण मुंबईचा बाजार त्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखतो. रूळ ओलांडून पूर्वेला गेलं की जमीन उंचसखल होते. भाताची खाचरं, वरकस माळ, राब, गवत. याच भागातल्या झरी गावात मे १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्या लढ्यातली एक मागणी होती, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी.

ट्रॅक्टरच्या पुस्तकात हा इतिहास कशाला, असं कुणी विचारील. ट्रॅक्टर इथे आला तेव्हा तो कुणाच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या सीटवर कोण बसलं, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून. आरसी बुकात नाव बागायतदाराचं. स्टिअरिंगवर बहुधा आदिवासी गडी. दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर ट्रॅक्टर घेणं परवडत नाही, तासाच्या भाड्यानेच बोलवावा लागतो. म्हणून जुने ट्रॅक्टर या पट्ट्यात थोडे, आणि शोधायचे ते वाड्यांच्या आवारात, गवताच्या वखारीजवळ, नाहीतर बंद पडलेल्या गॅरेजच्या मागे. थोडे असल्याचा एक फायदा असा, की मनात आणलं तर दोन तालुक्यांतल्या सगळ्यांची नोंद होऊ शकते. पंजाबात हे बोलण्याची कुणाची छाती होणार नाही.

आता ते आले कुठून, ते बघू. स्वातंत्र्यानंतरची पहिली अकरा-बारा वर्षं भारतात ट्रॅक्टर बनतच नव्हता. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे सोडलेल्या यंत्रांवर केंद्र सरकारची ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि कांस गवताने गिळलेल्या जमिनी उखडण्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ऐपतदार शेतकऱ्याकडे आला तो मुख्यतः विलायती माल : कॉव्हेंट्रीचा राखाडी फर्ग्युसन, डॅगनमचा निळा फोर्डसन. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर निघाला, जर्मन आराखड्याचा, हवेवर थंड होणारा. पाठोपाठ मद्रासला टॅफेने मॅसी फर्ग्युसन सुरू केला, एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसवरून आपला उभा केला, एचएमटीने १९७१ पासून पिंजोरला झेटर २५११ काढला. सत्तरच्या दशकात किर्लोस्करांनी नाशिकला जर्मन डॉइट्झच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढला. ज्या घराण्याने लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवायला वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, त्याचा ट्रॅक्टर मात्र फार काळ टिकला नाही. कुठे एखादा दिसलाच, तर भंगारवाल्याच्या आधी तिथे पोचा.

डहाणूच्या दृष्टीने दोन कारखाने महत्त्वाचे, आणि दोन्ही एकाच लोहमार्गावर : दक्षिणेला कांदिवली, उत्तरेला बडोदा. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. १९६५ पासून कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. आराखडा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्याचा, इंजिन चार सिलिंडरचं, ताकद पस्तीस अश्वशक्तीच्या आसपास. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रत विलीन झाली. बडोद्याला १९६३ पासूनच चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर तयार होत होता. तो कारखाना १९७८ मध्ये गुजरात सरकारने ताब्यात घेतला आणि १९९९ मध्ये त्याची सूत्रंही महिंद्रकडे गेली. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. सोयरिकी, आठवडे बाजार आणि वापरलेले ट्रॅक्टर यांनी ती हद्द फारशी मानली नाही. तेव्हा पाटीवर ठाण्याचा एमएच ०४ दिसला म्हणून ट्रॅक्टर जन्माने इकडचाच, असं समजू नका. आधीच्या मालकाचा कागद वलसाडचा, जीजे १५ चा असू शकतो.

ओळख पटवताना पहिला सापळा नावाचा. बी-२७५ हे नाव कांदिवलीने दशकानुदशकं चालवलं. त्यामुळे ‘आमच्याकडे बी-२७५ आहे’ एवढ्यावरून तो १९६६ चा की १९८६ चा, काही कळत नाही. बॉनेटवर ‘इंटरनॅशनल’ आहे की ‘महिंद्र’, हे बघायचं. पण बॉनेट हा चार बोल्टांत बदलणारा भाग, त्याच्यावर निवाडा करू नये. मॅसीचं तसंच. टॅफेचा १०३५ हा विलायती ३५ चाच वंशज, अंगलट सारखी. त्याला राखाडी रंग मारून ‘इंग्लंडची फर्ग्युसन’ म्हणून खपवणं मुळीच अवघड नाही. अशा वेळी इंजिनाकडे जा. मद्रासच्या सिम्पसनने पर्किन्सच्या आराखड्यावर बनवलेलं तीन सिलिंडरचं इंजिन दिसलं, तर खालचा ट्रॅक्टर आधी भारतीय समजायचा आणि मग उलट पुरावा शोधायचा. खरी टीई-२० फर्ग्युसन असेल तर बाकी काही बघण्याआधी गिअरच्या दांड्याला हात घाला. तिला स्टार्टरचं वेगळं बटन नसतं; दांडा ‘एस’ या खुणेकडे ढकलला की स्टार्टर फिरतो. गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ नये, अशी ती सोय.

पट्टीवरचा चासी नंबर आणि ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर, दोन्ही आरसी बुकाशी ताडून बघावेत हे उघडच आहे. पण पट्टी हरवते, चिकटवली जाते, दुसऱ्या ट्रॅक्टरची आणून बसवली जाते. ओतीव लोखंडावरचे उठावाचे आकडे कुणी बदलत नाही, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. गिअरबॉक्सच्या पोटाखाली, मागच्या ॲक्सलच्या बाजूला, ग्रीसमिश्रित मातीच्या थराखाली ते असतात. ती माती लाकडाच्या काडीने आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने काढायची, स्क्रू ड्रायव्हरने नव्हे. फोर्डच्या १९६५ नंतरच्या ट्रॅक्टरांत आकडा, अक्षर, आकडा अशी खूण असते; पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, अक्षर महिन्याचं, नंतर तारीख. दहा वर्षांचा घोळ त्यात राहतोच, तो इतर पुराव्यांनी सोडवावा लागतो.

जुन्या मिस्त्र्यांची रीत आणखी साधी. त्यांना ट्रॅक्टर दाखवला की ते पाना लावून बघतात. सुताचा पाना बसला तर घराणं इंग्रजी-अमेरिकी : फर्ग्युसन, फोर्डसन, बी-२७५. मिलिमीटरचा बसला तर जर्मन, चेक किंवा पोलिश : आयशर, झेटर, हिंदुस्तान, उर्सुस. आणि एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही लागू लागले की समजायचं, इथे मधे कुणाचा तरी हात फिरलाय. पान्यावरून आठवलं : फर्ग्युसनबरोबर कंपनी एक पाना देत असे, त्याच्या अंगावर इंचांच्या खुणा होत्या, म्हणजे त्यानेच नट आवळायचा आणि त्यानेच नांगराचं अंतर मोजायचं. अडगळीच्या पेटीत असा पाना सापडला तर तो किलोच्या भावाने घालवू नका.

रंगाचा पुरावा घेण्याची पद्धत पुढे एका स्वतंत्र प्रकरणात आहे, पण ती इतकी स्वस्त आणि इतकी दुर्लक्षित आहे की इथेही सांगतो. उन्हापावसापासून वाचलेली जागा निवडायची : सीटखाली, टूलबॉक्सच्या तळाशी, बॉनेटच्या आतल्या काठाला. तिथे रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात बारीक वॉटर पेपर, पाणी आणि साबणाचा फेस घेऊन बोटाने गोल गोल घासायचं. घाई केली तर सगळं एकदम लोखंडापर्यंत जातं. सावकाश गेलं तर कडेने एकाबाहेर एक वळी दिसू लागतात. सगळ्यांत बाहेर नातवाच्या आधीच्या कुणीतरी मारलेला ऑइलपेंट, त्याच्या आत एखाद्या दसऱ्याला मारलेला हात, त्याच्या आत फिकट झालेला जुना तांबडा, मग प्रायमर, आणि मधोमध उघडं लोखंड. या वळ्यांचा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून काढायचा. राखाडी वळं सापडलं तर फर्ग्युसनच्या दाव्यात दम आहे. तांबड्याखाली थेट प्रायमर असेल तर राखाडीच्या सगळ्या गोष्टी गप्पा.

आता भांडणाच्या मुद्द्याकडे. चिकूचं झाड पसरट वाढतं आणि फांद्या खाली झुकतात. उभ्या सायलेन्सरचा ट्रॅक्टर वाडीत फिरवला तर फांद्या मोडतात, फळं झडतात, धूर पानांवर बसतो. म्हणून वाडीतला सायलेन्सर कापून, वेल्डिंग करून, आडवा खाली वळवलेला मिळाला तर नवल नाही. त्याच कारणाने वरचं छत उतरवलेलं असतं, मडगार्डाचे कान ठोकून आत दाबलेले असतात. तलासरीकडे चिखलणीला चालवलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी जाळीची केज व्हील अडकवण्यासाठी भोकं पाडलेली असतात, आणि ॲक्सलच्या सीलमधून शिरलेल्या चिखलाने ब्रेक खाल्लेले असतात. शुद्धतावादी म्हणतील, हे सगळं काढा, कंपनीचा उभा सायलेन्सर मिळवून लावा. माझं मत उलट आहे. कापलेला सायलेन्सर हा डहाणूचा दाखला आहे; तो काढला की उरतो तो कुठल्याही जिल्ह्यातला बी-२७५. कामाच्या गरजेतून झालेला बदल ठेवावा, शोभेसाठी झालेला काढावा, असा साधा नियम मी धरतो. क्रोमचे आरसे, झालरी, एलईडीच्या माळा निर्धास्त काढा.

नियम साधा असला तरी त्याला अडचणीची उदाहरणं आहेतच. समजा, रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या फर्ग्युसनचं इंजिन एखाद्या गावठी कारागिराने कधीतरी उतरवलं आणि तिथे दुसऱ्याच कंपनीचं डिझेल इंजिन, पट्ट्या वेल्ड करून, बसवलं. मूळ इंजिन कोपऱ्यात गंजत पडलंय. परत बसवायचं का? माझा कौल आहे, नाही. कोपऱ्यातलं इंजिन तेल घालून, गोणपाटात गुंडाळून, त्याच छपराखाली ठेवा आणि ट्रॅक्टर आहे तसा राहू द्या. कारागिराने तो जोड कसा जमवला, हे बघायला उद्या कुणीतरी येईल. पण याच पुस्तिकेत पुढे एका प्रकरणात याच्या नेमकं विरुद्ध मत मांडलेलं आहे, आणि ते वाचकाने माझ्या मताइतक्याच मनावर घ्यावं.

लोखंडाइतकाच कागद महत्त्वाचा. आरसी बुक हरवलं तर लोक हात टेकतात. पण जुना ट्रॅक्टर रोखीने घेतलेला क्वचितच असतो. कर्ज बहुधा भूविकास बँकेचं, जमीन गहाण टाकून. आणि गहाण म्हटलं की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढलेला, त्याला फेरफाराचा नंबर आणि तारीख. म्हणजे ट्रॅक्टरच्या खरेदीचं साल तलाठ्याच्या दप्तरात सापडू शकतं. बँक पुढे अवसायनात गेली, २०२२ मध्ये राज्य सरकारने तिची थकीत कर्जं माफ केली आणि बोजे उतरू लागले. शेतकऱ्याला त्याचा आनंद, आणि तो रास्तच. आपण मात्र नव्या कोऱ्या सातबाऱ्यावर समाधान न मानता जुन्या हस्तलिखित उताऱ्याची आणि फेरफाराची नक्कल मागावी.

कागदात जे नाही ते चालकाला ठाऊक असतं. कुठला गिअर उडी मारायचा, कुठल्या उन्हाळ्यात ब्लॉक तडकला आणि कुणी शिवला, चिकूच्या पाट्या स्टेशनात उतरवून परतताना ट्रॉलीत काय भरून आणायचे, गवताचे भारे वखारीत टाकायला रात्रीच का निघायचे. मालकाच्या घरी चहा पिऊन आपण खरेदीची तारीख लिहून घेतो आणि परत येतो. पाड्यावर जाऊन त्या माणसाला गाठत नाही. ट्रॅक्टरवरचे हे चालक आता थकलेत. लोखंड अजून वीस वर्षं थांबेल, ते थांबणार नाहीत. नोंदीची सुरुवात त्यांच्यापासून करावी.

जतनाबद्दल थोडं. इथली हवा यंत्राची वैरी आहे. किनाऱ्यावर वाऱ्यात मीठ, आणि जूनपासून चार महिने ओल. गंज पहिला धरतो तो जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे : मडगार्डाची शिवण, पायदानाची खालची बाजू, बॅटरीचा ट्रे. बॅटरी काढूनच ठेवा; ॲसिडच्या वाफेने जेवढे ट्रे खाल्लेत तेवढे समुद्राने खाल्ले नसतील. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, नाहीतर पावसाचं पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरात उतरतं. टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेत हवेतलं पाणी साचतं. ॲक्सलखाली लाकडी ठोकळे देऊन टायरांवरचा भार उतरवा, आणि शक्य तिथे सगळं मातीपासून वर, फरशीवर घ्या. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ठेवू नका. वायरिंगसाठी उंदरांचा बंदोबस्त करा.

आपल्याकडे सर्रास जळकं ऑइल फासतात. गंज त्याने थोडा थांबतो खरा, पण ते आम्ल धरतं, धूळ ओढतं, रबर फुगवतं आणि रंगवलेली अक्षरं काळवंडून टाकतं. उघड्या लोखंडाला ग्रीस, रंगाला साधं मेण, एवढं पुरे. आणि सगळ्यांत मोठा मोह टाळा : वर्षानुवर्षं बंद असलेला ट्रॅक्टर दुसऱ्याला बांधून ओढत ‘धक्क्यावर’ सुरू करायचा. पिस्टन चिकटला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि एका हौशी दुपारी इंजिन संपतं. इंजेक्टर काढा, सिलिंडरात पातळ तेल सोडा, आठवडाभर वाट बघा, मग पुलीला हाताने थोडा थोडा झोल द्या.

कायद्याकडून फार आशा ठेवू नये. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण ती दुचाक्यांना आणि प्रवासी मोटारींना. शेतीचा ट्रॅक्टर त्या वर्गवारीत बसतच नाही. १९६५ ची फियाट वारसा ठरते आणि त्याच साली कांदिवलीहून निघालेला बी-२७५ फक्त मुदत संपलेलं वाहन राहतो. त्यातून भंगाराचा भाव बरा आला की टेम्पो वाडीच्या फाटकाशी येऊन उभा राहतो, आणि म्हाताऱ्या मालकाला त्याला परत पाठवणं जड जातं. याला उत्तर मोठ्या संग्रहालयात नाही. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, शेतकऱ्यांची तिथे रोजची ये-जा आहे. तशा एखाद्या ठिकाणी चांगल्या छपराखाली तीन-चार ट्रॅक्टर, त्यांची अवजारं आणि त्यांच्या नोंदी राहिल्या तरी सुरुवात होईल. बाकीचे आपापल्या वाडीतच बरे. मालकाच्या नजरेसमोर असलेलं यंत्र सरकारी गोदामातल्यापेक्षा चांगलं राहतं, असा माझा अनुभव.

पुस्तिकेच्या शेवटी नोंदीचा तक्ता जोडला आहे. चासी आणि इंजिनाचे नंबर, ओतीव आकडे, पान्याचं माप, रंगाची वळी, फेरफार क्रमांक, केलेले बदल आणि ते कशासाठी केले, असे रकाने आहेत. मालकाच्या रकान्याच्या वर चालकाचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. तो कोरा ठेवून तक्ता पुढे पाठवू नये. मापं पेन्सिलीने लिहावीत, ती पुन्हा घ्यावी लागतात. आणि फोटो चारही बाजूंनी काढावेत, धुण्याआधी.